पाच वर्षांचे दहा अल्बम : खरीप २०२५ च्या नोंदी

९ जून २०२५
मृग लागला, पाऊस नाही. वावर वखरून पडलंय, बियाण्याच्या थैल्या घरात आल्यात. आभाळाकडे पाहत बसण्यापेक्षा एक राहिलेलं काम हातात घेतो. २०२१ पासून आजपर्यंत आलेल्या रॉक आणि मेटल अल्बमांपैकी माझे दहा, क्रम लावून.

मागच्या वर्षी ही यादी मी एका संध्याकाळी लिहून काढली होती. दिवाळीपर्यंत त्यातल्या निम्म्या नावांमागे उभं राहायची माझी तयारी नव्हती. दोन गाणी आवडली की अल्बम आवडला असं मी धरून चाललो होतो. म्हणून या वेळी घाई करायची नाही. पेरणीला सुरुवात, कापूस विकायला गाडी निघेल तेव्हा शेवट.

ठरवलं ते असं. एका बँडचा एकच अल्बम. पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, मध्ये एकही गाणं न वगळता. प्रत्येक अल्बम कमीत कमी तीनदा: एकदा वावरात, एकदा रात्री घरी दिवा बंद करून, आणि एकदा घरातल्या कोणाला तरी सोबत घेऊन. तिसरी अट सगळ्यांत अवघड जाणार. बाबा गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनात खंजिरी वाजवतात, लहान भाऊ धुमाल पार्टीत पॅड वाजवतो, आणि आईला मोठा आवाज झाला की डोकं धरतं.

उमेदवार बावीस. एक्सेल शीट उघडली, चार रकाने केले: गाणी, ताल, आवाज, टिकाऊपणा. प्रत्येकाला दहापैकी गुण.

१८ जून
पाऊस पडला. सरकी टोबणं सुरू. ऐकणं बंद.

२९ जून
गावात रेंज धरते ती हनुमानाच्या ओट्यावर, त्यामुळे सगळं आधी उतरवून घ्यावं लागतं. चांगल्या दर्जाची, म्हणजे ३२० केबीपीएसची फाइल मिनिटाला सुमारे २.४ एमबी खाते. मेटॅलिकाचा ‘७२ सीझन्स’ ७७ मिनिटांचा आहे, म्हणजे एकटाच १८५ एमबी. दिवसाच्या दीड जीबीत असे सात-आठ बसतात, पण ओट्यावर तेवढा वेळ बसलं की येणारा-जाणारा विचारतो, कोणाची वाट पाहून रायला? तीन संध्याकाळी लागल्या.

सुरुवात ‘७२ सीझन्स’नेच केली. १४ एप्रिल २०२३ चा अल्बम. नावाचा अर्थ आयुष्याची पहिली अठरा वर्षं, वर्षाला चार ऋतू धरून ७२. त्या अठरा वर्षांत माणसावर जे बसतं तेच तो पुढे जन्मभर वागवतो, असं त्यांचा गाणारा जेम्स हेटफिल्ड याला म्हणायचंय. निंदण करता करता माझा वेगळाच हिशेब चालला होता. आपल्याकडे ऋतू तीन, म्हणजे ७२ ऋतूंना चोवीस वर्षं. आणि वावराच्या हिशेबाने हंगाम दोनच, खरीप नि रब्बी, म्हणजे छत्तीस वर्षं. बाबांना वावर सांभाळून साधारण तितकीच वर्षं झाली. हा विचार डोक्यात आल्यापासून ते नाव माझ्यासाठी बदलून गेलं.

अल्बम मात्र लांबला आहे. बारा गाण्यांतली तीन काढली असती तर धार आली असती. शेवटचं ‘इनामोराटा’ अकरा मिनिटांचं, मेटॅलिकाचं आजवरचं सगळ्यांत लांब गाणं. ते मात्र कापायचं नाही. मधे एका जागी सगळी वाद्यं मागे सरतात, नुसता बेस उरतो, आणि मग एकेक जण परत येतो. तिथे मी दोन्ही वेळा विळा खाली ठेवला.

हा बँड २०११ च्या ऑक्टोबरात बंगळूरला आला होता. मी तेव्हा यवतमाळला डिप्लोमाला होतो. होस्टेलमधले दोघे जाऊन आले, मला जमलं नाही. त्या दोघांनी आणलेल्या पेन ड्राइव्हमधून माझं हे सगळं सुरू झालं. या बँडला गुण देताना त्यांचा उपकारही मोजला जातोय का, हे पाहत राहावं लागणार.

१२ जुलै
लहान्याला सोबत घेतलं. तो गाणं ऐकत नाही, हात-पाय ऐकतो. गोजिराचा ‘फॉर्टिट्यूड’ लावला. पहिल्याच गाण्यात तो उठून बसला. ‘दादा, ह्याचे पाय पाय. दोन्ही पाय सारखे चालून रायले, आन हात तिसरंच बोलून रायले.’ मारिओ द्युप्लांतिएचं याहून नेमकं वर्णन मी कुठे वाचलेलं नाही. गाणारा जो आणि ढोलवाला मारिओ हे सख्खे भाऊ, फ्रान्सच्या नैर्ऋत्य टोकाचे. मागच्या वर्षी २६ जुलैला पॅरिस ऑलिम्पिकच्या उद्घाटनात जुन्या राजवाड्याच्या खिडक्यांत उभे राहून वाजवलं, ते हेच.

‘अमेझोनिया’ त्याने चारदा लावायला लावलं. जंगल आणि तिथले आदिवासी वाचवण्यासाठी केलेलं गाणं, त्याचा पैसाही ब्राझीलच्या आदिवासी संघटनेकडे गेला. मोरचंगासारखा एक तरतरीत आवाज सुरुवातीपासून मागे लागतो. लहाना टेबलावर बोटांनी तो ताल धरत म्हणाला, हा ताल मिरवणुकीत चालन. मला वाटतं चालेल.

मग ब्लडीवुडचा ‘रक्षक’, फेब्रुवारी २०२२. दिल्लीचा बँड, जड गिटारींखाली ढोल, वर करण कटियारची बासरी. त्यांचा ‘नू दिल्ली’ याच वर्षी मार्चमध्ये आला, तो जास्त सफाईदार आहे. एकच घ्यायचा म्हणून मी ‘रक्षक’ घेतला. ‘जंजीरों से’ ऐकताना शब्द कळतात, आणि मेटल ऐकताना शब्द थेट कळणं ही आपल्यासाठी दुर्मिळ गोष्ट आहे. लहान्याचं मत: पहिला नंबर, विषय संपला.

२३ जुलै
ब्लॅक सॅबथचा गाणारा ऑझी ऑस्बोर्न काल गेला. सकाळी ओट्यावर फोन उघडला तेव्हा कळलं. वय ७६. अजून तीन आठवडे झाले नाहीत, ५ जुलैला बर्मिंगहॅममध्ये ब्लॅक सॅबथचे मूळचे चौघे एकत्र आले होते, २००५ नंतर पहिल्यांदा. ऑझीला उभं राहवत नव्हतं, सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गायला.

आज बाकी काही ऐकलं नाही. सॅबथच्या गिटारवाल्या टोनी आयोमीचं सारखं डोक्यात येत राहिलं. सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं यंत्रात गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच गेला. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर कातडं लावलं, तारा हलक्या बसवल्या. पुढे तारा ढिल्या करून सूर खाली आणले, दाबायला जोर कमी लागावा म्हणून. तो खालचा, जड, खोल आवाज आज सगळं मेटल वाजवतं.

आमच्या भजन मंडळातले एक काका पेटी वाजवतात. मळणी यंत्रात त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं अर्धी राहिली. आता ते पेटी उलटी मांडतात, भाता उजव्या हाताने आणि सूर डाव्याने. त्यांच्या हातचं भजन बाकीच्यांपेक्षा किंचित संथ असतं, कारण डावा हात अजून पट्ट्या शोधतो. बाबांची खंजिरी त्या संथपणाशी जुळवून घ्यायला शिकली, आणि आता अख्ख्या मंडळाची चाल तीच झाली आहे. हे मी लहानपणापासून पाहतो. आयोमीशी त्याची गाठ आज पडली.

ऑझीचा ‘पेशंट नंबर ९’ माझ्या बावीस जणांत आहे. गुण वाढवायचा मोह होतोय. आज शीट उघडायची नाही.

९ ऑगस्ट
मोठी चूक सापडली. पंधरा दिवसांपासून जागलीला जातोय. रानडुकरं सोयाबीनमध्ये शिरली की एका रात्रीत पाच-सहा तासं उलटीपालटी करतात. आधी मोबाइलला स्पीकर जोडून मचाणावरून मोठ्याने लावून पाहिलं. चार रात्री डुकरं फिरकली नाहीत. पाचव्या रात्री जुडास प्रीस्ट चालू असताना धुऱ्यावरून सरळ आत आली. सवय झाली त्यांना. तेव्हापासून स्पीकर बंद, एका कानात हेडफोन, दुसरा कान वावराकडे.

आज राखीला ताई आली. दुपारी निवांत होतो, म्हणून प्रीस्टचा ‘इन्व्हिन्सिबल शील्ड’ दोन्ही कानांनी लावला आणि मी चक्रावलो. अर्धा अल्बम मी ऐकलाच नव्हता. मेटलमध्ये तालाची गिटार दोनदा वाजवून घेतात, एक पूर्ण डावीकडे आणि एक पूर्ण उजवीकडे ठेवतात. प्रीस्टमध्ये दोन गिटारी एकमेकींना प्रश्न-उत्तर करतात, आयर्न मेडनमध्ये तीन गिटारवाले. एका कानाने ऐकलं की जुगलबंदीतला एकच गडी ऐकू येतो. आणि मी रकान्यात लिहून ठेवलं होतं, ‘गिटारी विरळ वाटतात’.

वावरातले सगळे गुण खोडले. अकरा अल्बम. उपाय तसा हाताशी होता. फोनच्या सेटिंगमध्ये, कमी ऐकू येणाऱ्यांसाठीच्या सोयींत, ‘मोनो ऑडिओ’ असतं. ते सुरू केलं की दोन्ही बाजू एकाच कानात येतात. फैलाव जातो, पण कोणी गायब होत नाही. जागलीवर ऐकायचं तर आता असंच.

‘इन्व्हिन्सिबल शील्ड’चं देणं लागतो म्हणून इथे लिहितो. मार्च २०२४ ला तो आला तेव्हा गाणारा रॉब हॅलफर्ड ७२ वर्षांचा होता आणि त्याचा वरचा सूर कुठेही फाटत नाही. गिटारवाला रिची फॉकनर २०२१ मध्ये मंचावरच महाधमनी फाटून मरता मरता वाचला, आणि वाजवत असलेलं गाणं पूर्ण करून मग दवाखान्यात गेला. ग्लेन टिप्टनला पार्किन्सन आहे. ‘पॅनिक अटॅक’ ऐकताना यातलं काहीच जाणवत नाही. नुसता वेग आणि चकाकी.

२२ ऑगस्ट
पोळा. पहाटेच बैल धुतले, शिंगांना बेगड लावली, खांदे शेकणं काल रात्री झालं. तोरणाखाली उभा होतो तेव्हा फोन पाहिला. मॅस्टोडॉनचा गिटारवाला ब्रेंट हाइंड्स अटलांटात मोटरसायकल अपघातात गेला. मार्चमध्येच तो बँडमधून बाहेर पडला होता.

मॅस्टोडॉनचा ‘हश्ड अँड ग्रिम’ आज सकाळपर्यंत माझ्या शीटमध्ये तिसरा होता. ऑक्टोबर २०२१ चा, पंधरा गाणी, दीड तासाला थोडा कमी. त्यांचा व्यवस्थापक निक जॉन २०१८ मध्ये कर्करोगाने गेला, त्याच्यासाठी केलेला. अख्खा अल्बमच सुतकाचा आहे, आणि आता त्याच्यात वाजवणारा एक माणूसही राहिला नाही. आज ऐकला तर पहिला येईल हे मला माहीत आहे. म्हणून दोन महिने त्याला हात लावायचा नाही. दिवाळीनंतर, मन थाऱ्यावर आल्यावर.

आईने बैलांपुढे पुरणपोळी धरली तेव्हा तिला सांगितलं की एक गिटारवाला गेला. तिने विचारलं, घरी कोन कोन हाय त्याचं?

७ सप्टेंबर, रात्र
काल विसर्जन आटोपलं, लहाना धुमालमधून मोकळा झाला. आज खग्रास चंद्रग्रहण. गावात दुपारपासून वेध पाळले, आईने पाण्यावर तुळशीपत्र ठेवलं. मी मचाणावर आहे. साडेदहापर्यंत ढग होते, मग फाटले.

अकराला चंद्र पूर्ण झाकला. ब्लड इन्कँटेशनचा ‘ॲब्सोल्यूट एल्सव्हेअर’ लावला. हे डेन्व्हरचे. अल्बम ऑक्टोबर २०२४ चा, बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत केलेला. दोनच रचना, ‘द स्टारगेट’ आणि ‘द मेसेज’, दोन्ही वीस मिनिटांच्या वर, प्रत्येकीचे तीन भाग. क्रूर डेथ मेटल चाललेलं असतं आणि एकाएकी दार उघडल्यासारखी जागा होते, सिंथेसायझरचा पसरट आवाज येतो. त्यासाठी टँजरीन ड्रीम या जर्मन सिंथेसायझर बँडचा माणूस बोलावलाय. मग परत खडकाळ. पहिल्या रचनेत अशी पहिली जागा आली तेव्हा चंद्र तांब्याच्या गडव्यासारखा झाला होता आणि वावर पूर्ण काळं. कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. पऱ्हाटीची बोंडं दिसत नव्हती, फक्त तिचा वास.

खग्रास ८२ मिनिटांचं होतं. अल्बम जवळजवळ दोनदा लागला असता, पण दुसऱ्यांदा लावला नाही. नुसता बसून राहिलो.

आजची नोंद: पहिला.

१० सप्टेंबर
तोच अल्बम दिवसा, चुलीपाशी बसून, आई भाकरी थापत असताना ऐकला. उत्तमच आहे, पण पहिला नाही. त्या रात्री अल्बमच्या गुणांत चंद्राचे गुण मिसळले होते. ते वेगळे काढायचे कसे हे मला समजत नाही. चौथा-पाचवा धरून पुढे जातो. शीटमध्ये मात्र ७ तारखेची नोंद खोडणार नाही, तीही खरी आहे.

१९ सप्टेंबर
चार रकान्यांची पद्धत मोडीत काढली. बावीसपैकी नऊ जणांचे एकूण गुण ३१ ते ३३ मध्ये अडकलेत. मला जे वाटतं ते त्या आकड्यांत येत नाही. तालाला ८ दिले काय नि ९ दिले काय, देताना हात कुठेच अडत नाही.

लहान्याने तोड काढली. ‘दंगलीत पैलवानायले गुण देतेत काय? जोड लावतेत.’ म्हणजे दोन अल्बम समोरासमोर, आणि एकच प्रश्न: आज रात्री यातला एकच ऐकायचा असेल तर कोणता? बावीस जणांच्या २३१ जोडी होतात, ते जमणार नाही. म्हणून आधी बारा जणांना निरोप दिला, उरलेल्या दहांच्या ४५ जोडी लावायच्या.

निरोप देणं जड गेलं. लिंकिन पार्कचा ‘फ्रॉम झिरो’ गेला. गाणारा चेस्टर बेनिंग्टन गेल्यानंतर सात वर्षांनी, एमिली आर्मस्ट्राँगला घेऊन त्यांनी परत उभं राहणं मला फार मोठं वाटतं. पण अल्बम अर्ध्या तासात संपतो आणि मनात तेवढाच वेळ राहतो. घोस्टचा ‘इम्पेरा’ गेला, चाली सुंदर असूनही. बंगळूरच्या क्रिप्टोसचा ‘डेसिमेटर’ गेला. १९९८ पासून हे लोक टिकून आहेत, पण त्यांच्या वाटेवर प्रीस्ट आधीच उभा होता. ‘पेशंट नंबर ९’ पण गेला. तो काढताना जुलैची आठवण झाली.

५ ऑक्टोबर
सोयाबीन कापून गंजी लावली. मळणी यंत्राचा नंबर परवा. रात्री गंजीपाशी बाबा आणि मी दोघे, वरून ताडपत्री, आभाळ गच्च.

ऑपेथचा ‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’ बाबांसोबत ऐकायचा राहिला होता. स्वीडनचा बँड, अल्बम नोव्हेंबर २०२४ चा. मिकाएल ऑकरफेल्टने २००८ नंतर अल्बमवर गुरगुरता आवाज लावला नव्हता, इथे तो सोळा वर्षांनी परत आलाय. सोबत जेथ्रो टलचा इयान अँडरसन, बासरी आणि निवेदन. गाण्यांना नावं नाहीत. मृत्युपत्राची कलमं असतात तशी एक ते सात, आणि नाव फक्त शेवटच्या आठव्याला.

बाबांना नुसता आवाज झेपला नसता, म्हणून प्रत्येक कलम लावायच्या आधी गोष्ट सांगत गेलो. पहिल्या महायुद्धानंतरचा काळ. एक श्रीमंत म्हातारा मरतो. वाड्यात मृत्युपत्र वाचलं जातं. समोर त्याची जुळी मुलं, आणि एक पोलिओ झालेली पोरगी, घरात आश्रिताला ठेवावं तशी वाढलेली. वाचता वाचता कळतं की जुळी त्याची नाहीतच. घरच्या मोलकरणीला त्याच्यापासून झालेली म्हणून ती पोरगी तेवढी त्याच्या रक्ताची.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘म्हंजे सातबारा कोनाच्या नावानं चढला?’

‘पोरीच्या.’

‘मंग ते दोघं कोर्टात नाही गेले काय?’

गुरगुरणं सुरू झालं की ते मान दुसरीकडे वळवायचे. ‘हा बोलून रायला का बैलाले हाकलून रायला?’ मी सांगितलं, तो मेलेला म्हातारा बोलतोय, त्याचं मृत्युपत्र बोलतंय. तेव्हा ते म्हणाले, मग बरोबर आहे. त्यानंतर मान वळवली नाही.

हे ‘मग बरोबर आहे’ मी चार महिने शोधत होतो. तो आवाज भीती घालायला किंवा ताकद दाखवायला लावलेला नाही. जिवंत असताना जे बोलता आलं नाही ते मेल्यावर कागदातून बोलणाऱ्या माणसाचा आवाज असाच असणार. आणि त्याच गळ्यातून पुढच्याच ओळीला स्वच्छ, मऊ गाणं येतं, मुलांच्या बाजूचं. आजोबा गेले तेव्हा आमच्या घरी वाटणीच्या रात्री जे झालं ते मी दाराआडून ऐकलं होतं, दहा वर्षांचा असेन. मोठे काका एका वाक्यात ओरडत होते आणि दुसऱ्या वाक्यात रडत होते. माणूस तोच होता.

शेवटच्या गाण्यात गुरगुर नाही. म्हाताऱ्याच्या पश्चात पोरीला तिच्या आईचं पत्र येतं: तूसुद्धा त्याची नाहीस. तिथे अल्बम संपतो. हे मी बाबांना सांगितलं, तर ते झोपलेले होते. किंवा डोळे मिटून पडलेले होते.

६ ऑक्टोबर
ग्रहणाची चूक परत नको, म्हणून आज ऑपेथ घरी एकट्याने ऐकला, गोष्टीकडे लक्ष न देता. नुसती वाद्यं. तरीही उभा राहतो. नवीन ढोलवाला वाल्टेरी वायर्युनेन लहान्याला दाखवला, त्याने दोनदा ‘परत लाव’ म्हटलं. आता निर्धास्तपणे जोडीला लावतो.

२६ ऑक्टोबर
दिवाळी झाली. ‘हश्ड अँड ग्रिम’ दोन महिन्यांनी काढला. ‘मोअर दॅन आय कुड च्यू’ आणि ‘गिगँटियम’ ही दोन गाणी जवळपास विसरलो होतो, म्हणजे विश्रांती खरी होती. मधली दोन-तीन गाणी अजूनही मला सैल वाटतात. ऑगस्टमध्ये ती वाटली नसती. पण ‘गिगँटियम’च्या शेवटाला गिटार जिथे वर चढत जाते तिथे मी तेव्हाही थांबलो असतो, आताही थांबलो. दुसरा. ऑपेथसमोर हरला तो फक्त सैलपणामुळे.

जोडी लावताना एक फेरा पडला. गोजिराने मेडनला पाडलं, मेडनने एलियन वेपनरीला, आणि एलियन वेपनरीने गोजिराला. तिघे गोल फिरायला लागले. एकाच रात्री तिन्ही सलग ऐकले, दोन वाजले. मेडनचा ‘सेन्जुत्सू’ ८२ मिनिटांचा, त्यातली शेवटची तीन गाणी स्टीव्ह हॅरिसची, तिन्ही दहा मिनिटांच्या वरची. ‘हेल ऑन अर्थ’ माझ्या पाच वर्षांतल्या सगळ्यांत आवडत्या गाण्यांपैकी एक. पण तिथवर पोचायला मधल्या दोन ठिकाणी मी घड्याळ पाहिलं. घड्याळ पाहिलं की उतरला, असं धरून फेरा सोडवला.

एलियन वेपनरीबद्दल थोडं जास्त लिहितो. न्यूझीलंडचे, ढोलवाला आणि गाणारा सख्खे भाऊ. ‘टांगारोआ’ सप्टेंबर २०२१ चा. टांगारोआ म्हणजे त्यांचा समुद्रदेव, आणि शीर्षकगीत समुद्रात साचलेल्या घाणीबद्दल आहे. गाणी बरीचशी माओरी भाषेत. ती भाषा शाळेत बोलल्याबद्दल एके काळी मुलांना मार बसत असे. मला एक शब्द कळत नाही, पण ती व्यंजनं ढोलावर अशी पडतात की इंग्रजी गाण्यात तो ठोसाच येत नाही. होस्टेलमध्ये ‘मले’, ‘तुले’ म्हटलं की हसायचे, म्हणून मी दोन वर्षं ‘मला’, ‘तुला’ घोटून बोललो. या बँडने मला वऱ्हाडीत दोन ओळी लिहून पाहायला लावलं. अजून कोणाला दाखवल्या नाहीत.

१५ नोव्हेंबर
वेचणीचा दुसरा फेरा. बोटांना सलं टोचून टोचून फोन उघडायला अंगठा ओळखू येत नाही, आकडे दाबावे लागतात.

फू फायटर्सचा ‘बट हिअर वी आर’ आज वेचता वेचता, आईसोबत. ताशा-ढोलासारखं काही नाही, सरळ रॉक. २०२२ मध्ये त्यांचा गाणारा डेव्ह ग्रोल याचा ढोलवाला टेलर हॉकिन्स गेला, त्याच वर्षी डेव्हची आई गेली. जून २०२३ च्या या अल्बमवर ढोल डेव्हने स्वतः वाजवलाय, मित्राच्या जागेवर बसून. त्याची आई शाळेत शिक्षिका होती, तिच्यासाठी दहा मिनिटांचं ‘द टीचर’. हे मी आईला सांगितलं. ती पुढच्या झाडावर गेली, ओटीत कापूस टाकला आणि म्हणाली, लाव मंग. डोकं दुखतं असं म्हणाली नाही. सहावा.

६ डिसेंबर
जिनिंगच्या फाटकाबाहेर रांगेत. ट्रॉलीवर कापूस, वर झूल बांधलेली, आमच्यापुढे चौदा गाड्या. बाबा आणि लहाना दोघेही सोबत. ४५ जोडी काल रात्री पूर्ण झाल्या. बियाण्याच्या थैलीच्या मागच्या कोऱ्या बाजूला स्केचपेनने उतरवतोय.

ऑपेथ, मॅस्टोडॉन, गोजिरा. मग ब्लड इन्कँटेशन, चंद्राचे गुण वजा करून. पाचवा एलियन वेपनरी, सहावा फू फायटर्स, सातवा ब्लडीवुड, आठवा प्रीस्ट, नववा मेडन, दहावा मेटॅलिका. मेटॅलिका दहावा ठेवताना हात थरथरला, पण ७२ सीझन्स यादीत राहिला तो होस्टेलच्या उपकारावर नाही. तो ‘इनामोराटा’च्या त्या बेसवर राहिला.

लहाना अजून सातव्या नंबरवर भांडतोय. त्याचं म्हणणं, तुम्ही सगळे बसून ऐकता म्हणून ‘रक्षक’ सातवा येतो. उभं राहून, माणसांत ऐकला तर पहिला. माझ्या तिन्ही अटींत ‘गर्दीत ऐकणं’ कुठेच नव्हतं. ही उणीव आहे, आणि ती मी मान्य केली. थैलीवर सातच्या पुढे त्याचं म्हणणं त्याच्या शब्दांत लिहून घेतलं.

पुढची गाडी हलली. बाबांनी ट्रॅक्टर थोडा पुढे घेतला, बंद केला, उतरून ट्रॉलीच्या चाकाला दगड लावला. मग माझ्या हातातल्या थैलीवरचं पहिलं नाव पाहत विचारलं, ‘हे वाटनीवालंच नं?’

मी हो म्हटलं.

‘ते पत्र आलं होतं नं तिले, शेवटी. तिनं ते जाळलं असन काय?’